जेट बोटीचे एंजिन का तापते?

जेट बोटीला सुकाणू नसते आणि पाण्याखाली फिरणारा पंखाही नसतो. बोटीच्या तळाशी जाळी बसविलेले एक तोंड असते. त्यातून नदीचे पाणी आत ओढले जाते, एंजिनाच्या दांड्यावर बसविलेले इंपेलर त्या पाण्याला दाब देते आणि मागील बाजूच्या निमुळत्या नळ्यातून ते जोराने बाहेर फेकले जाते. या फवाऱ्याच्या प्रतिक्रियेने बोट पुढे सरकते. वळावयाचे असेल तर हा नळाच डावीकडे किंवा उजवीकडे फिरवावयाचा. मागे यावयाचे असेल तर फवाऱ्याच्या आड एक वक्र झाकण उतरवून त्याची दिशा उलटी करावयाची. या रचनेतून एक गोष्ट आपोआप निष्पन्न होते आणि ती नवख्या चालकाच्या सहसा ध्यानात येत नाही. एंजिन बंद पडले की जेट बोटीची केवळ गती जात नाही, तिची दिशाही जाते. छत्तीसगढच्या नद्यांत चालणाऱ्या साध्या डोंग्याच्या नावाड्याजवळ निदान बांबू किंवा वल्हे तरी असते. एंजिन थांबलेली जेट बोट मात्र प्रवाह नेईल तिकडे जाणार, मग पुढे खडक असो, पुलाचा खांब असो किंवा बंधाऱ्याचा उतार असो.

म्हणूनच एंजिन तापण्याच्या प्रश्नाकडे केवळ दुरुस्तीच्या खर्चाची बाब म्हणून पाहता येत नाही. पुरात अडकलेल्या माणसांना आणावयास निघालेल्या बोटीत काटा लाल खुणेकडे सरकू लागला, तर चालकाला एंजिन वाचवावयाचे की माणसे, असा प्रश्न पडतो. तो पडू नये याची तजवीज किनाऱ्यावरच करावी लागते.

या बोटीचा जन्म डोंगरी नद्यांसाठी झाला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आयरिशमन क्रीक नावाच्या मेंढपाळीच्या कुरणावर राहणारे विल्यम हॅमिल्टन यांना तेथील उथळ, खडकाळ आणि वेगवान नद्यांतून प्रवाहाविरुद्ध वर जाणारी बोट हवी होती. पाण्याखाली लोंबणारा पंखा अशा पात्रात पहिल्याच दगडावर मोडला असता. पाण्याच्या फवाऱ्याने बोट चालविण्याची कल्पना त्यांची स्वतःची नव्हे, ती फार जुनी आहे. परंतु १९५३-५४ च्या सुमारास फवारा पाण्याखाली न सोडता पाण्याच्या पृष्ठभागावर सोडण्याचा मार्ग त्यांनी धरला आणि बोटीच्या तळाखाली काहीही लोंबत न ठेवता तिला वेग मिळवून दिला. १९६० साली अशाच बोटी अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळईतून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या.

भारतात जेट बोटीचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७७ साली. एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तीन जेट बोटी घेऊन गंगासागराहून निघाले. पाटणा, वाराणसी, अलाहाबाद, हरिद्वार असा मार्ग आक्रमीत त्यांनी पुढे अलकनंदेत प्रवेश केला आणि नंदप्रयागजवळ एका धबधब्याने वाट अडवीपर्यंत बोटी वर नेल्या. हॅमिल्टन यांचे चिरंजीव जॉन हॅमिल्टन चालकांत होते. मोहनसिंग कोहली यांच्यासारखे भारतीय गिर्यारोहकही या मोहिमेत होते. मोहिमेचे साहस पुष्कळांनी वर्णिले आहे. यंत्राच्या दृष्टीने पाहता मात्र तिचा आणखी एक विशेष जाणवतो. पावसाळ्यातील गंगा म्हणजे जगातील सर्वाधिक गाळ वाहून नेणाऱ्या नद्यांपैकी एक. जेट बोट जे पाणी ढकलून चालते तेच तिला थंडही ठेवते. तेव्हा नदीच्या पाण्यात जे जे असेल त्याचा परिणाम अशा बोटीच्या पंपावर आणि एंजिनावर अटळपणे होतो.

रायपूरच्या परिसरातील पाण्याचा विचार या दृष्टीने उद्‌बोधक आहे. धमतरी जिल्ह्यात सिहावाजवळ उगम पावणारी महानदी, रायपूर शहराला लागून वाहणारी खारून आणि खारून जिला मिळते ती शिवनाथ या तिन्ही नद्यांची वागणूक सारखीच आहे. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात वाळूच्या विस्तीर्ण पात्रात एखाद्या धारेएवढ्या उरतात. उथळ पाणी आणि वाळूचे पात्र ही जेट बोटीला अनुकूल परिस्थिती, असे वरवर पाहता वाटते. परंतु उथळ पाण्यात तळाचे तोंड वाळूच्या अगदी जवळ येते आणि झाडलोट करणाऱ्या यंत्राप्रमाणे वाळू आत ओढू लागते. धमतरीजवळ गंगरेल येथे महानदीवर बांधलेल्या रविशंकर सागर जलाशयासारख्या खोल पाण्यात वाळूचा उपद्रव कमी. तेथे काठावरचे शेवाळ, गवत आणि तरंगत येणारा पालापाचोळा यांची काळजी अधिक. शहरातील जुन्या तलावांत जलपर्णी असते. याखेरीज मे महिन्यात हवेचा पारा अनेकदा ४३-४५ अंशांवर जातो आणि उथळ पाणीही तापते. चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे चुना. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांशाचेच काम होते. एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली एंजिनाच्या लोखंडात शिरते. ही उरलेली उष्णता काढून नेणे हे पाण्याचे काम. दोनशे अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे दीडशे किलोवॅटचे, एंजिन पूर्ण जोराने चालत असता जवळजवळ तितकीच उष्णता पाण्याने उचलली पाहिजे. एक लिटर पाणी एका अंशाने तापण्यास सुमारे ४·२ किलोज्यूल उष्णता लागते. पाणी एंजिनातून जाताना तीस अंशांनी तापू द्यावयाचे ठरविले, तर दर सेकंदाला सव्वा लिटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सुमारे सत्तर लिटर पाणी वाहिले पाहिजे. घरातील मोठ्या बादल्यांच्या मापाने सांगावयाचे तर मिनिटाला चार बादल्या.

आता असे समजू की, पाण्याच्या वाटेत वाळू किंवा खपल्या साचून हा प्रवाह निम्मा झाला आहे. उष्णता तितकीच, पाणी निम्मे; म्हणून पाणी तीसऐवजी साठ अंशांनी तापेल. डिसेंबरात जलाशयाचे पाणी २० अंश असेल तर ते ८० अंश होऊन बाहेर पडेल. एंजिन गरम राहील, परंतु चालेल. मे महिन्यात तेच पाणी ३२ अंश असेल तर बाहेर पडताना ते ९२ अंशांवर जाईल. आणि ही झाली सरासरी. सिलेंडर-हेडच्या कोपऱ्यात, जेथे प्रवाह मंद असतो, तेथे पाणी उकळून वाफेचे बुडबुडे धरतील. वाफ लोखंडातील उष्णता पाण्याइतकी उचलू शकत नाही, म्हणून तो कोपरा अधिकच तापेल.

‘हिवाळ्यात बोट उत्तम चालत होती, उन्हाळ्यातच बिघडली’ ही तक्रार अशा वेळी ऐकू येते. वस्तुतः ती हिवाळ्यातच बिघडलेली असते. थंड पाण्याने तो दोष झाकून ठेवलेला असतो, इतकेच.

पाण्याची वाट

जुन्या जेट बोटींत एंजिनाला पाणी पुरविण्यासाठी बहुधा वेगळा पंप नसतो. जेटच्या पंपाच्या दाबाच्या भागाला एक भोक पाडून तेथे नळी जोडलेली असते. त्या नळीवर पाणी कमीजास्त करण्याची एक झडप, पुढे असलीच तर गाळणी, मग एंजिनाच्या ब्लॉकमधील पोकळ्या, तेथून हेड, तेथून धूर नेणाऱ्या मॅनिफोल्डभोवतीचे वेष्टन आणि शेवटी बोटीबाहेर, अशी पाण्याची वाट असते. काही बोटींत मोटारीप्रमाणे एंजिनात फिरणारे पाणी वेगळे व बंदिस्त असते आणि नदीचे पाणी एका डब्यात त्याच्याकडून उष्णता घेऊन परत जाते. ही दुसरी पद्धत महाग, पण सुरक्षित. आपल्यासमोर असलेल्या बोटीत यांपैकी कोणती पद्धत आहे हे नळीमागून नळी हाताने चाचपीत जाऊन कागदावर रेखाटल्याखेरीज पान्याला हात लावू नये. जुन्या बोटी पुष्कळ हातांतून गेलेल्या असतात आणि मूळ आराखड्यात नसलेली एखादी नळी कोणीतरी कधीतरी जोडून ठेवलेली असते.

दाबाच्या पंपावरून पाणी घेण्याच्या पद्धतीत एक मूलभूत अडचण आहे. पंपाचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. मिनिटाला ३,५०० फेरे असताना जो दाब असतो, त्याचा केवळ पंचविसावा हिस्सा ७०० फेऱ्यांना उरतो. पूर्ण वेगात दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोग्रॅम दाब मिळत असेल, तर एंजिन सावकाश चालत असता तो एक पंचमांश किलोग्रॅम, म्हणजे दोन मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा राहील. एवढा दाब निरोगी पंपात पुरतो. परंतु वाळूने इंपेलरची पाती आणि त्याच्याभोवतीचे कडे झिजले, दोहोंतील फट वाढली, की पाणी त्या फटीतून मागे घसरू लागते. पूर्ण वेगात ही गळती जाणवत नाही, बोट थोडी मंद वाटते एवढेच. सावकाश चालताना मात्र एंजिनाकडे जाणारी धार बारीक होत होत थांबते.

पुष्कळ चालक याच्या उलट समजतात. बोट धक्क्याला लागली, एंजिन ‘विश्रांती’ घेत आहे, तेव्हा ते थंड होत असले पाहिजे, असा त्यांचा समज असतो. झिजलेल्या जेटच्या बोटीत हीच वेळ सर्वांत धोक्याची.

निदानाचा क्रम

अनुभवी मिस्त्री प्रथम काट्यावर संशय घेतो, आणि तो योग्यच आहे. तापमान दाखविणारा काटा, त्याची तार आणि एंजिनात बसविलेले त्याचे टोक ही तिन्ही दमट जागेत वर्षानुवर्षे राहिलेली असतात. टोक काढून, तार तशीच ठेवून व टोकाचे धातूचे अंग एका तारेने एंजिनाच्या लोखंडाशी जोडून, ते थर्मामीटरसह गरम पाण्याच्या भांड्यात बुडवावे. भांड्यातील पाणी ७० अंश असताना काटा ९५ दाखवीत असेल तर दुरुस्ती काट्याचीच करावयाची आहे. याच्या उलट प्रकार मात्र घातक असतो. ब्लॉकमधील पाणी पूर्णपणे निघून गेले तर ते टोक कोरड्या पोकळीत उघडे पडते आणि एंजिन जळत असतानाही काटा शांत राहू शकतो. म्हणून चालकाने काट्याइतकेच लक्ष बोटीबाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे ठेवावे. धार थांबली तर काटा काहीही सांगो, एंजिन तापत आहे असेच समजावे.

काटा खरा ठरला की मग विचारावयाचा प्रश्न असा: एंजिन केव्हा तापते? सावकाश चालताना तापते आणि वेग दिला की थंड होते, असे असेल तर दोष दाबात आहे: झिजलेले कडे, अर्धवट मिटलेली झडप, किंवा पंपात शिरणारी हवा. सावकाश चालताना ठीक आणि वेगात तापते असे असेल तर दाबाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण वेगात दाब भरपूर असतो. तेथे वाट तुंबलेली आहे असे समजावे, किंवा उष्णताच अधिक निर्माण होत आहे असे तरी समजावे. ठिणगी उशिरा पडणे आणि मिश्रणात पेट्रोल कमी असणे ही दुसऱ्या प्रकारची दोन नेहमीची कारणे. बोट चांगली चालत असता अचानक वेग कमी झाला, एंजिनाचे फेरे मात्र वाढले आणि पाठोपाठ काटा चढू लागला, तर तळाच्या जाळीला गवत किंवा जलपर्णी अडकली हे जवळजवळ निश्चित. पंपाला पुरेसे पाणी न मिळाल्याने तो हवा आणि फेस घुसळीत असतो आणि तोच फेस एंजिनाकडे पाठवीत असतो. अशा वेळी एंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात घालून, मगच जाळी साफ करावयाची. हा नियम मोडल्यास हाताची बोटे गमावण्याची वेळ येते.

दोन रांगांच्या एंजिनात आणखी एक सोपी कसोटी उपलब्ध असते. दोन्ही बाजूंच्या बाहेर पडणाऱ्या धारा एकेका बादलीत घ्याव्यात आणि बादली भरण्यास लागणारा वेळ घड्याळावर पाहावा. एक बादली वीस सेकंदांत आणि दुसरी पन्नास सेकंदांत भरत असेल, तर पंप निर्दोष असून दुसऱ्या बाजूच्या वाटेत अडथळा आहे, हे एकही नट न सोडविता कळून येते. दोन्ही बादल्या सारख्याच सावकाश भरत असतील तर दोष दोन्ही वाटांच्या आधीच्या भागात शोधावयाचा. महागडी उपकरणे नसलेल्या गावीही ही परीक्षा करता येते, आणि ती प्रत्येक हंगामाच्या आरंभी करून वहीत लिहून ठेवावी.

वाळू प्रथम साचते ती ब्लॉकच्या तळाशी आणि मागच्या टोकाला, जेथे पाण्याचा वेग कमी असतो. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंस खाली पाणी सोडण्याची तोटी असते. एंजिन थंड असताना ती उघडावी. पाणी आले नाही तर ‘ब्लॉकमध्ये पाणी नाही’ असा निष्कर्ष काढण्याची चूक होते. तोटी पूर्णपणे काढून त्या भोकातून एक तार आत घालावी; पुष्कळदा ओल्या वाळूचा गोळा फुटतो आणि मागोमाग गढूळ पाणी येते. अशी वाळू धुऊन काढताना पाणी नेहमीच्या दिशेने न सोडता उलट दिशेने, वरून खाली, सोडावे लागते. ज्या प्रवाहाने वाळू तेथे नेऊन बसविली, तो प्रवाह तिला तेथून हलवू शकत नाही.

दाब अधिक मिळावा म्हणून काही जण झडप पूर्ण उघडून ठेवतात. तसे करू नये. पूर्ण वेगातील पंपाचा दाब मोटारीसाठी घडविलेल्या ब्लॉकला सोसणारा नसतो. गॅस्केट फुटते, रबरी नळ्या निसटतात आणि ब्लॉकच्या बाजूला बसविलेल्या पत्र्याच्या टोप्या बाहेर उडतात. झडप बेताची ठेवावी आणि दाब मर्यादेबाहेर गेल्यास पाणी बाहेर सोडणारी सुरक्षा-झडप असावी. ती नसेल तर बसवून घेतल्याखेरीज जुनी बोट वेगात चालवू नये.

चुन्याचा थर

रायपूरचे मैदान चुनखडकावर वसलेले आहे. हा खडक शंभर कोटी वर्षांहून जुना असून त्याच्याच आधाराने तिल्दा, बलौदा बाजार या भागांत सिमेंटचे कारखाने उभे राहिले. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन या खडकातून झिरपते तेव्हा थोडा चुना बायकार्बोनेटच्या रूपाने विरघळवून नेते. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही, याचे कारण हेच. असे पाणी तापविले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना भांड्याच्या अंगावर पांढरा थर होऊन बसतो. स्नानाचे पाणी तापविण्याच्या बंबात हा थर प्रत्येकाने पाहिलेला असतो. एंजिनात तो दिसत नाही, पण बसतो; आणि जेथे लोखंड सर्वांत तप्त, तेथेच सर्वांत जाड बसतो. या थराची उष्णतावाहकता लोखंडाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी असते. म्हणजे एक मिलिमीटर थर बसला तर पाण्याच्या दृष्टीने लोखंड दोन सेंटिमीटरांनी अधिक जाड झाल्यासारखे होते.

येथे नदीच्या पाण्याचा आणि भूजलाचा भेद करावयास हवा. पावसाळ्यातील महानदीच्या पाण्यात गाळ पुष्कळ, पण चुना त्या मानाने कमी. चुना एंजिनात शिरतो तो बहुधा किनाऱ्यावरून: बोट धुण्यासाठी बोअरच्या पाण्याची नळी जोडली जाते, किंवा बंदिस्त पद्धतीच्या एंजिनात कमी झालेले पाणी बोअरच्या नळाने भरले जाते. बंदिस्त एंजिनात दहा लिटर पाणी भरून ते तसेच राहिले तर त्यातील चुना एकदाच बसतो आणि तो नगण्य असतो. परंतु एखादी नळी ठिबकत असेल आणि रोज लिटरभर पाणी भरावे लागत असेल, तर रोज नवा चुना आत जातो. तेव्हा येथील मूळ रोग चुना नसून ठिबकणारी नळी होय, आणि थर काढण्यापूर्वी ती बदलली पाहिजे. भरण्यासाठी स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी उत्तम. ते नसेल तर बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी वापरावे.

तोटीतून निघालेली खपली चुन्याची की गंजाची, हे ठरविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. तिच्यावर लिंबू पिळावे. चुना असेल तर बारीक बुडबुडे येतात, गंज असेल तर काहीच होत नाही. चुन्याचा थर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने, एंजिन अगदी मंद तापवून, विरघळविता येतो; नंतर स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवावे लागते. बाजारात फरशी धुण्यासाठी मिळणारे तीव्र आम्ल स्वस्त आणि जलद असले तरी ते चुन्यावर थांबत नाही. लोखंड खाते, आणि जेटचे अंग किंवा हेड अॅल्युमिनियमचे असेल तर ते त्याहून वेगाने खाते. अशा ‘उपचारा’ने जुनी एंजिने रोगापेक्षा अधिक लवकर निकामी झालेली आहेत.

कोकणच्या खाड्यांत चालणाऱ्या बोटींना हाच प्रश्न वेगळ्या रूपाने भेडसावतो. समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरत असेल तर ते साठ-पासष्ट अंशांवर गेले की क्षार सुटू लागतात. म्हणून अशी एंजिने मुद्दाम थंड ठेवली जातात, मग इंधन थोडे अधिक जळाले तरी चालते. गोड्या पाण्यातून आणलेले एंजिन खाडीत नेताना मोटारीचा ८२ अंशांवर उघडणारा थर्मोस्टॅट तसाच ठेवणे हे चुकीचे.

थर्मोस्टॅटचा विषय निघालाच आहे तर एवढे नोंदवावे की, एंजिन तापले की तो काढून फेकणे ही आपल्याकडील सार्वत्रिक रीत आहे. तो निर्दोष आहे की नाही हे भांड्यात पाणी तापवून पाच मिनिटांत कळते. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे. उघडत नसेल तर जरूर फेकावा, पण त्याच्या जागी तसाच नवा बसवावा.

वरील सर्व वाटा स्वच्छ निघाल्या आणि तरीही एंजिन तापते, तर हेड-गॅस्केटकडे वळावे लागते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकसारखे बुडबुडे, तेलाचा रंग दुधाळ होणे, एखादाच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघणे, सकाळी प्रथम सुरू करताना एंजिन अडखळणे, ही त्याची लक्षणे. तेल दुधाळ झाले असेल तर ते बदलून ‘एक फेरी मारून पाहू’ असे म्हणणाऱ्याला परावृत्त करावे. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगना काही मिनिटेच सांभाळते.

पाण्यावर आणि जमिनीवर

बोट पाण्यात असताना काटा चढू लागला तर चालकाने प्रथम वेग मध्यम करून किनारा किंवा संथ पाणी गाठावे. प्रवाहाच्या मधोमध एंजिन एकाएकी बंद करू नये, कारण त्याबरोबर दिशेवरील ताबाही जातो. किनाऱ्याला लागून दोर बांधला की मगच एंजिन थांबवावे. सावकाश चालणाऱ्या एंजिनात धार येत नसेल तर ते ‘थंड होण्यासाठी’ चालू ठेवण्यात काहीही हशील नाही. तापलेल्या ब्लॉकवर नदीचे पाणी ओतू नये, लोखंडाला तडा जातो. बंदिस्त पद्धतीच्या एंजिनाचे झाकण निदान अर्धा-पाऊण तास उघडू नये. बोटीच्या तळात पाणी साचले आहे का हे याच वेळी पाहावे. दाबाखालील नळी फुटली तर एंजिनाचे पाणी बोटीतच पडते, आणि मग तापणे व बुडणे असे दोन धोके एकत्र येतात. दोर, नांगर आणि दोन वल्ही ही जेट बोटीत शोभेची वस्तू आहे असे मानणाऱ्यांनी पावसाळ्यात बोट बाहेर काढू नये.

जमिनीवर एंजिन तपासून पाहण्याचीही एक शिस्त आहे. प्रथम एंजिनावरचे झाकण उघडून पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्यावी. पाण्याची नळी जोडावी, पण तोटी उघडू नये. एंजिन सुरू करावे आणि सुरू होताच तोटी उघडावी. थांबविताना प्रथम तोटी बंद करावी आणि लगेच एंजिन. हा क्रम उलटविला तर पाणी मॅनिफोल्ड भरून, धुराचा जोर नसल्यामुळे, मागे सिलेंडरमध्ये उतरू शकते. पाणी दाबले जात नाही. पुढच्या वेळी स्टार्टर फिरविताच पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि दांडा वाकतो. शिवाय जेटच्या दांड्याचे पॅकिंग आणि बेअरिंग पाण्यानेच ओले राहत असल्याने जमिनीवर एंजिन एक-दोन मिनिटांहून अधिक चालवू नये. तेवढ्या वेळात गळक्या नळ्या दिसतात, दोन बाजूंच्या धारांची तुलना होते आणि काटा हलतो की नाही ते समजते. पंपाचा दाब मात्र जमिनीवर कधीच कळत नाही. त्यासाठी पाणी घेण्याच्या नळीवर दाबमापक बसवून, धक्क्याला दोन दोरांनी घट्ट बांधलेली बोट ७००, १,५०० आणि २,५०० फेऱ्यांवर चालवावी व तिन्ही वेळचे आकडे, त्या दिवसाच्या पाण्याच्या तापमानासह, लिहून ठेवावेत. पुढील वर्षी त्याच महिन्यात ७०० फेऱ्यांचा आकडा निम्म्यावर आलेला आढळला, तर पंप उघडून कडे बदलण्याची वेळ झाली आहे, मग बोट वेगात कितीही चांगली धावत असो.